मिनँडरचा उच्चार ४९९ रुपयांना विकत घेतला त्याची गोष्ट: पेड उच्चार सर्व्हिसचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, कारण पैशांचं भांडण अजून मिटलेलं नाही आणि उगाच आणखी डोक्याला ताप नकोय. पाचापैकी दीड स्टार. तो अर्धा कशाचा ते पुढे येईलच. रिव्ह्यू लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी व्हॉइसओव्हर करते, घरूनच. बेडरूममधल्या कपाटाला आतून आजीच्या चार गोधड्या टांगल्या की झाला स्टुडिओ. गेल्या महिन्यात जुनी नाणी जमवणाऱ्या काही मंडळींचं काम आलं, त्यांच्या प्रदर्शनासाठी ऑडिओ गाइड, बावीस मिनिटांचा, आणि त्यातली नऊ मिनिटं इंडो-ग्रीक राजांची, म्हणजे भारताच्या वायव्येला राज्य केलेल्या ग्रीक राजांची. स्क्रिप्ट उघडली तर पहिल्याच पानावर एकच राजा तीन वेळा आणि तिन्ही वेळा वेगळा: मिनँडर, मेनँडर, मिनांडर. फोन करून विचारलं, साहेब यातलं नक्की कुठलं म्हणू, तर उत्तर आलं "मॅडम तुम्हीच बघा ना नेटवर, तुम्ही त्याच लाइनमधल्या". बरं.

नेटवर बघितलं आणि जाहिरातीत अडकले. जगातलं कुठलंही नाव टाका, मूळ उच्चार, आजचा उच्चार आणि इंग्रजी उच्चार अशी तीन बटणं, शिवाय नावाचा उगम आणि अर्थ "तज्ज्ञांकडून ४८ तासांत". महिन्याला ४९९. माझी कामं अशा नावांनी भरलेली असतात, म्हटलं चला, एका रेकॉर्डिंगच्या रीटेकमधेच वसूल होतील. दिले.

पहिलं बटण दाबलं, इंग्रजी. "मिनॅन्डर", जोर मधल्या "नॅन"वर. हे बरोबर आहे हो, इंग्रज असंच म्हणतात आणि त्याला कारण आहे. इंग्रजीत ही नावं थेट ग्रीकमधून आलेली नाहीत, लॅटिनमार्गे आलीयेत, आणि लॅटिनचा नियम असा की शेवटून दुसरं अक्षर जड असलं (म्हणजे स्वर दीर्घ असला किंवा पुढे जोडव्यंजनाचा भार असला) की जोर तिथे. मे-नान्-देर मधलं "नान्" जड, त्यामुळे जोर तिथे गेला आणि बिचाऱ्या "मे"चं "मि" होऊन गेलं. आपल्या शाळेच्या पुस्तकातला मिनँडर तिथून आला. शेवटचा "अर" पण लॅटिनची करामत, ग्रीकमधलं "द्रोस" तिथे "देर" होतं. अलेक्झांद्रोसचा अलेक्झांडर झाला तसाच. हे बटण नीट चालतं, अर्धा स्टार त्याचा.

दुसरं बटण, आजचा ग्रीक उच्चार. "मेनान्द्रोस", जोर पहिल्या "मे"वर, आणि द आपला नाही, इंग्रजी "दॅट"मधला, जीभ दातांना नुसती टेकवून हवा सोडायची तो. (आपण मराठी माणसं इंग्रजीतला तो द पण सरळ आपल्या "दगड"मधल्या द सारखाच म्हणतो, त्यामुळे आपल्याला फरक ऐकूच येत नाही, मला तीनदा हेडफोन लावून ऐकावं लागलं.) ठीक. तक्रार नाही.

तिसरं बटण. ज्याच्यासाठी पैसे दिले ते. प्राचीन ग्रीक. दाबलं आणि आलं काय, तर "मिनॅन्ड्रोस". म्हणजे इंग्रजी मिनॅन्डर घेतला, शेपूट कापली, "ओस" चिकटवला, झालं प्राचीन. आवाज पण त्याच मशीनबाईचा. जोर त्याच नॅनवर. अरे बाबांनो!

आता तुम्ही म्हणाल तुला काय कळतं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं कोण ऐकून आलंय. बरोबर प्रश्न आहे, मलाही पडला होता, म्हणूनच पुढचे चार दिवस माझं काम सोडून यातच गेले.

ग्रीक डिक्शनरीत हे नाव उघडलं की पहिल्याच ए च्या डोक्यावर एक तिरकी रेघ दिसते. त्या रेघेचा अर्थ आघात इथे. म्हणजे मे वर, नान वर नाही. आणि हा आघात म्हणजे इंग्रजीसारखा दणका नव्हे, प्राचीन ग्रीकमधे तिथे आवाजाची पट्टी चढायची. आपल्याकडे वेद म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, पाणिनीने दोन शब्दांत सांगून ठेवलंय, "उच्चैरुदात्तः", उंच तो उदात्त. ग्रीक लोक त्या रेघेला "ओक्सेइआ" म्हणायचे, म्हणजे तीक्ष्ण, टोकदार. दोन्ही भाषांत ही भानगड एकाच जुन्या घरातून आलेली. तेव्हा मेनान्द्रोस म्हणताना "मे" गाण्यातल्यासारखा वर घ्यायचा आणि पुढचं खाली उतरत म्हणायचं, नान ला मार द्यायचा नाही.

आता गंमत बघा. हेच नाव षष्ठीत टाकलं, म्हणजे "मेनान्द्रोसचा" असं म्हणायचं झालं, की ते होतं "मेनान्द्रू", शेवटचा स्वर दीर्घ होतो, आणि शेवट दीर्घ झाला की ग्रीकमधे आघाताला इतकं मागे राहता येत नाही, तो एक अक्षर पुढे सरकतो, म्हणजे आता तो "नान"वर. एकाच माणसाचं नाव, विभक्ती बदलली की चाल बदलते. आणि नाण्यावर नेमकं हेच षष्ठीतलं रूप आहे! "बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू", म्हणजे राजा, तारणहार, मेनान्द्रोस याचं (नाणं). मी हे कंपनीला लिहून विचारलं की बाई तुम्ही विभक्तीचा उच्चार देता का. उत्तर आलं "डिअर कस्टमर, युअर फीडबॅक इज इम्पॉर्टन्ट टू अस".

बरं, मला खरा उच्चार कुठे सापडला सांगू? त्याच नाण्याच्या मागच्या बाजूला.

म्हणजे असं, स्क्रिप्टबरोबर त्या मंडळींनी नाण्यांचे फोटो पाठवले होते, मोठे, झूम करता येतील असे. चांदीचं लहानसं नाणं, आपल्या जुन्या पंचवीस पैशांहून लहान दिसतं, एका बाजूला राजाचा चेहरा, डोक्याला पट्टा बांधलेला आणि त्याची दोन टोकं मानेवर रुळतायत, भोवती ग्रीक अक्षरं. पालथं केलं की वीज फेकायला हात उगारलेली अथेना, आणि कडेने खरोष्ठी, म्हणजे त्या भागातली जुनी लिपी, उजवीकडून डावीकडे: "महरजस त्रतरस मेनंद्रस". महाराजाचं, त्रात्याचं, मेनंद्राचं. खरोष्ठीत दीर्घ ऱ्हस्व वेगळं लिहीत नाहीत म्हणून "महरजस". पण बघा, "मे" आहे, "मि" नाही. "नं" आहे, "नॅ" नाही. "द्र" आहे, ड्र नाही. राजा जिवंत असताना, त्याच्या स्वतःच्या टाकसाळीत, गांधारी (तिकडची प्राकृत) बोलणाऱ्या कुणीतरी ते नाव कानाने ऐकून आपल्या लिपीत कोरलं, सुमारे २१५० वर्षांपूर्वी. मेनान्द्रोस राज्य करत होता तो काळ साधारण इ.स.पू. १५५ ते १३०. आणि ही उच्चार सर्व्हिस फुकट.

मग मला नादच लागला. बाकीच्या राजांची नाणी काढली आणि एकेक नाव आधी ॲपमधे टाकायचं, मग खरोष्ठीत काय लिहिलंय ते बघायचं.

थेओफिलोस. ॲपचं "प्राचीन" बटण: थिऑफिलस, आणि फ म्हणजे ओठ दाताखाली धरून काढलेला इंग्रजी एफ. नाण्याच्या मागे: "थेउफिल". आता, जुन्या ग्रीकमधे हा फ म्हणजे एफ नव्हता, प च्या मागे श्वास सोडलेला फ होता, "फळ", "फूल" मधला खरा फ. थ म्हणजे थ, क ला श्वास जोडला की ख. आर्खेबिओस नावाचा राजा आहे, ॲप म्हणतं आर्केबियस, नाणं म्हणतं "अर्खेबिय". ख! स्वच्छ ख! मला इथे इतका आनंद झाला की मी गोधड्यांच्या कपाटात एकटीच "ख, ख, ख" करत बसले होते. म्हणजे इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हे फ-थ-ख कमवावे लागतात, त्यांच्या कानाला प आणि फ मधला फरक नाव बदलण्याइतका वाटतच नाही, आणि आपल्याकडे बालवाडीतलं पोर कखगघ म्हणताना हे फुकटात शिकतं. फक्त आजकाल आपणच "फळ"ला ओठ दाताखाली घालून म्हणायला लागलोय, रेडिओवर तर सर्रास, तो वेगळा विषय, त्यावर मी एकदा सविस्तर भांडणार आहे.

आणि झोइलोस. याचं ग्रीक पहिलं अक्षर ते झेटा, इंग्रज त्याला झेड म्हणून सोडून देतात. खरोष्ठीत "झोइल", झ. मराठी माणसाला वेगळं सांगायची गरजच नाही, "झोप"मधला झ. हिंदी बोलणाऱ्या माझ्या एडिटर मित्राला तो झ जमेना, तो "झंडा"मधला झ म्हणत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मराठी च-ज-झ च्या दोन-दोन उच्चारांबद्दल कुणापुढे तरी मिरवून घेतलं.

अगदी सगळंच नाण्यावर जसंच्या तसं मिळतं असं नाही बरं का. अपोलोदोतोस हा राजा मागच्या बाजूला "अपलदत" झालाय, सगळे ओ गायब. फिलोक्सेनोसचा "फिलसिन", क्स चा नुसता स. अँतिअल्किदासचा "अंतिअलिकिद", मधे एक इ घुसवून जोडाक्षर मोडलंय, आपण "इस्कूल" किंवा "फिलिम" म्हणतो तसंच. कोरणाऱ्याने आपल्या जिभेला जमेल तसं केलं. म्हणून एकटं नाणं पुरत नाही, समोरची ग्रीक बाजू आणि मागची खरोष्ठी दोन्ही एकत्र वाचायला लागतात. पण दोन साक्षीदार तरी आहेत. ॲपकडे शून्य.

याच अँतिअल्किदासने पाठवलेला दूत म्हणजे हेलिओदोरोस, विदिशाजवळ बेसनगरला त्याने उभारलेला गरुडस्तंभ आहे, वासुदेवासाठी, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, ब्राह्मीत. त्यात स्वतःला भागवत म्हणवतो, तक्षशिलेचा, दियाचा मुलगा. दिय म्हणजे दिओन. आणि राजाचं नाव तिथे "अंतलिकित". म्हणजे तक्षशिलेपासून विदिशेपर्यंत येईस्तोवर द चा त झाला आणि एक स्वर गळाला. नावं अशीच प्रवास करतात, एसटीने आल्यासारखी, धूळ खात. त्याआधी अशोकाच्या तेराव्या शिलालेखात तर प्तोलेमाइओसचा "तुरमय" आहे (सुरुवातीचा प कधी गळाला कुणाला कळलंही नाही) आणि अलेक्झांद्रोसचा "अलिकसुदर". हा अलेक्झांद्रोस म्हणजे तो जगजेत्ता सिकंदर नव्हे, नंतरचा एक राजा. पण अलिकसुदर हे नाव मी आता कुणाच्या तरी बोक्याला ठेवणार आहे हे नक्की.

आता "तज्ज्ञांकडून ४८ तासांत अर्थ" याचं. मी विचारलं, मेनान्द्रोस या नावाचा उगम आणि अर्थ काय. ४८ तासांचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी मेल आला आणि त्यात लिहिलं होतं, शब्दशः नाही पण आशय हाच, की हे मूळ ग्रीक नाव असून भारतात मिलिंद या रूपात आढळतं आणि त्याचा अर्थ भुंगा.

भुंगा!

म्हणजे झालं काय, तर कुणीतरी बाळांच्या नावांची यादी उघडली, मिलिंद शोधलं, समोर भुंगा दिसला, आणि तो नेऊन ग्रीक राजाच्या गळ्यात बांधला. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा हे आहेच, खोटं नाही, आपल्याकडे बारशाच्या पुस्तकात पण तेच लिहिलेलं असतं. माझ्या वर्गात तीन मिलिंद होते, बाई त्यांना मिलिंद एक, दोन, तीन म्हणायच्या, आणि तिघांनाही आयांनी भुंगाच सांगितलेला होता. पण त्या भुंग्याचा आणि अथेन्सच्या कुठल्या मेनान्द्रोसचा काही संबंध नाही.

मेनान्द्रोसचे दोन तुकडे. मागचा "आन्द्र", हा "आनेर" म्हणजे पुरुष या शब्दाचा, आणि हा आपल्या संस्कृत "नृ", "नर" याचा सख्खा चुलतभाऊ आहे. अलेक्झांद्रोसमधे पण तोच, तिथे पुढे "आलेक्सो" म्हणजे रक्षण करणे, म्हणून माणसांचं रक्षण करणारा. मेनान्द्रोसमधला पुढचा तुकडा "मेन", हा एक तर "मेनो" म्हणजे थांबणे, ठाम राहणे, मागे न हटणे, त्यातून आलाय, किंवा "मेनोस" म्हणजे आतला जोर, आवेश, उमेद. आणि हा मेनोस म्हणजे अक्षरशः आपलं "मनस्". एका अर्थाने नरांपुढे पाय रोवून उभा राहणारा, दुसऱ्या अर्थाने मनाचा दांडगा. दोन्हीकडून मला पटतं, मी मधे पडत नाही. पण बघा ना, एका अनोळखी नावात "मन" आणि "नर" दोघेही वेष पालटून बसलेत आणि आपण मिनँडर मिनँडर करत त्यांना ओळख न देता पुढे जातोय.

मग मेनान्द्रोसचा मिलिंद कसा झाला? मला हा भाग सगळ्यात जास्त आवडला, म्हणून इथे थोडी रेंगाळते. मेनान्द्र मधे दोन न आहेत, मे-न-न्-द्र. जिभेला एकाच जागी लागोपाठ दोनदा जायचा कंटाळा येतो, ती पहिल्या न च्या जागी ल टाकून मोकळी होते. अशक्य वाटतं? मग लोणी घ्या. संस्कृतात काय होतं, नवनीत. दोन न. पहिल्याचा ल झाला आणि आपल्या ताटात लोणी आलं. निंबाचा लिंब झाला, कडुलिंब. आमच्या गावाकडे अजून "लंबर लागला" म्हणतात, नंबरचा लंबर. अगदी तीच खोड. तर मेनान्द्रचा पहिला न ल झाला, आणि शेवट "इंद" हा बहुधा "इंद्र"च्या ओढीने, कारण पालीत इंद्रचं इंद होतं आणि राजाच्या नावाला शेवटी इंद शोभतंच, नरिंद वगैरे. काश्मीरच्या क्षेमेंद्राने तर अकराव्या शतकात त्याला सरळ "मिलिंद्र" करून टाकलंय. म्हणजे परका राजा आला, आपण त्याला लोण्यासारखं घुसळलं आणि इंद्राची टोपी घातली.

पाली मिलिंदपञ्हात, म्हणजे हा राजा आणि नागसेन नावाचा भिक्खू यांच्या संवादाच्या बौद्ध ग्रंथात, त्याच्या दरबारातल्या माणसांची नावं आहेत, त्यात एक देवमंतिय आणि एक अनंतकाय. अभ्यासक म्हणतात हे देमेत्रिओस आणि अंतिओखोस. अनंतकाय! कान बघा काय करतो, अनोळखी आवाज आला की ओळखीच्या शब्दात बसवतो. आपल्याकडे "स्टेपनी"ला "स्टेफनी" म्हणतात, कारण तो कुणीतरी ओळखीचा वाटतो.

आणि योगायोग असा की त्या ग्रंथातला मुख्य संवाद सुरूच होतो नावावरून. राजा भिक्खूला विचारतो, भन्ते, आपलं नाव काय. तो म्हणतो मला नागसेन म्हणतात, पण महाराज, हे नुसतं नाव आहे, हाक मारायची सोय, या नावाच्या आत कुणी व्यक्ती सापडत नाही. मग तो रथाचा दाखला येतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का. शाळेत हे वाचलेलं तेव्हा तत्त्वज्ञान म्हणून पाठ केलं होतं. आता वाचताना एकच डोक्यात, की हा प्रश्न विचारणाऱ्या राजाचं स्वतःचं नाव त्याच पानावर सुट्टे भाग काढून बदलून टाकलेलं आहे आणि त्याला पत्ताच नाही.

महाराष्ट्रात हे नाव घराघरात रुजलं त्यामागे हाच ग्रंथ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) १९५० मधे सुरू केलेलं कॉलेज ते मिलिंद महाविद्यालय, आणि परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही एका आवारात. माझ्या वर्गातल्या तीन मिलिंदांपैकी निदान एकाचं नाव तरी भुंग्यावरून नक्कीच नव्हतं, हे मला आत्ता कळतंय.

उलट आपल्या लेण्यांत जाऊन बघाल तर वेगळीच कथा, कार्ल्याच्या चैत्यात खांब दान देणारे यवन (त्या काळी ग्रीकांना म्हणायचे ते) आहेत, पण नावं सिहधय, धम्म अशी, पार देशी. जुन्नरला एक यवन इरिल आहे, त्याने पाण्याची टाकी खोदून दिली. हे इरिल मूळ काय असेल यावर मी दोन तास घालवले, रेकॉर्डिंगला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आता पर्याय सांगते, कारण नुसतं रडगाणं लिहून रिव्ह्यू होत नाही. ऑक्सफर्डचा ग्रीक व्यक्तिनामांचा कोश आहे, ऑनलाइन, फुकट. १९७२ मधे पीटर फ्रेझर या अभ्यासकाने काम सुरू केलं, पहिला खंड १९८७ ला आला, प्रदेशवार खंड निघत गेले, एजियन बेटं, मग अथेन्सचा अटिका प्रांत, असं करत करत. पस्तीस हजारांहून जास्त नावं आणि चार लाखांच्या आसपास माणसं, शिलालेख, पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद), नाणी, सगळीकडून वेचून. राजेच नाहीत, कुंभार, सैनिक, कुणाची तरी बायको, थडग्यावर नाव राहिलं म्हणून यादीत आलेली. अथेन्समधे आपला मेनान्द्रोस इतक्यांदा येतो की कळतं हे तिकडचं साधं रोजचं नाव होतं, आपल्याकडचं संजय समजा. तो प्रसिद्ध विनोदी नाटककार मेनान्द्रोस त्यातलाच, इ.स.पू. चौथ्या शतकातला, ज्याचं जवळजवळ पूर्ण असं एकच नाटक मिळालं, तेही पपायरसवर, आणि छापलं गेलं थेट १९५८ मधे. कोशात नावं आघाताच्या खुणेसकट दिसतात, त्यामुळे पट्टी कुठे चढवायची ते कळतं. दोन अडचणी: आवाज नाही, आणि ग्रीक लिपी वाचता यायला हवी. लिपी मला दीड दिवसात जमली, चोवीस तर अक्षरं आहेत, आपली बाराखडी शिकलेल्याला काय. शिवाय आत्तापर्यंतच्या खंडांत आपल्याकडचे प्रदेश येत नाहीत, म्हणजे हा आपला राजा त्यात शोधू नका, त्याला नाण्यांच्या कॅटलॉगमधेच गाठायला लागतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सर्व्हिसकडून मागू नका, ती म्हणजे "एकच खरा" उच्चार. ग्रीसमधले शिक्षक प्राचीन ग्रंथ पण आजच्याच उच्चाराने वाचतात, आणि त्यांची भाषा आहे, त्यांना कोण अडवणार. युरोपातल्या विद्यापीठांत इरॅस्मस या डच विद्वानाने १५२८ मधे मांडणी केली त्या वळणाने जुना उच्चार बसवलाय. दोघांच्या भांडणात एक मेंढी साक्षीला येते, खरंच. एका जुन्या विनोदी कवीने मेंढीचा आवाज लिहून ठेवलाय, तो जुन्या पद्धतीने वाचला तर "बे, बे" आणि आजच्या ग्रीक पद्धतीने वाचला तर "वी, वी". आता माणसं उच्चार बदलतात, मेंढ्या बदलत नाहीत. मी सातारकडची आहे, वी वी करणारी मेंढी अजून बघितलेली नाही.

तर शेवटी केलं काय. मंडळींना फोन करून सांगितलं, नाण्याचं वर्णन येईल तिथे एकदाच "मेनान्द्रोस" म्हणते, आघात मे वर, लगेच पुढे "म्हणजे पुस्तकातला मिनँडर, आपला मिलिंद" असं जोडते आणि मग शेवटपर्यंत मिलिंदच. ते म्हणाले चालेल पण वेळ वाढता कामा नये. नऊ सेकंद वाढले. पहिल्या टेकला शेजारच्यांचा कुकर शिटी मारून गेला, दुसऱ्याला मीच अर्खेबियचा ख इतका जोरात काढला की माइकवर थुंकीचा आवाज आला, तिसरा ओके झाला.

सर्व्हिस कॅन्सल करायला सहा स्क्रीन पार करायला लागतात, पाचव्यावर "खरंच जाताय का" म्हणून रडका चेहरा येतो, सहाव्यावर पन्नास टक्के सूट. घेऊ नका. भुंग्याच्या मेलला मी उत्तर दिलं, नवनीत-लोणी सकट सगळं समजावून, दोन पानी, तर तिकडून आलं "थँक यू, अवर टीम हॅज अपडेटेड द एन्ट्री". उघडून बघितलं. आता अर्थाच्या जागी भुंगा काढून "लोणी" लिहिलंय.

रिफंड सात कामाच्या दिवसांत म्हणालेत, आज अकरावा. येत्या १४ तारखेला कार्डातून परत ४९९ गेले तर इथेच एडिट करून लिहीन.